चाकं ओझरला होती

पडद्यावर विमान मनमाडच्या पुढे गेलं होतं,
उंची अकरा हजार फूट, वेग साडेचारशे,
आणि चाकं ओझरला होती.
चाकांपुढे लाकडी ठोकळे,
ठोकळ्यांना लाल फडकी,
एका फडक्याशी झुंजणारं हँगरमधलं मांजर.

यास्मिन पिंजारी, शिकाऊ, तिसरा आठवडा,
पडद्याकडे बघते, मग मांजराकडे.
"मॅडम, खोटं कोण बोलतंय?"

उपग्रह नाही, बाई. तो जागेवर आहे,
त्याचं घड्याळही ठीक आहे.
पण त्याचा आवाज इथवर येतो तो इतका बारीक,
की नांदूरच्या बंधाऱ्यावर कुणी विडी पेटवावी
आणि आपण ती राहुडच्या घाटातून ओळखावी.
आणि टेबलावरचं हे खोकं, माझ्या डब्याएवढं,
त्याच आवाजात, त्याच लकबीत
जरासं मोठ्यानं बोलतं.
दोन इंजिनांचं, कित्येक कोटींचं हे धूड
मोठ्यानं बोलणाऱ्याचं ऐकतं.

नुसता गोंगाट केला असता तर बरं.
गोंगाटात निदान कळतं, ऐकू येत नाहीये.
हा हात धरून नेतो.
आधी मीटरभर. मग दोन.
वैमानिकाला वाटतं, वारा असेल.

माझे वडील मोजणी खात्यात साखळी ओढायचे,
तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची.
निफाड तालुक्यातले सगळे बांध त्यांना पायांनी पाठ.
सांगायचे, हद्दीचा दगड कुणी उपटून नेत नाही.
उपटला तर गाव जमा होतं.
तो रात्रीतून सरकतो, वीतभर.
पुढच्या पेरणीला आणखी वीतभर.
दहा वर्षांनी शेजारी शपथ घेतो
आणि त्याची शपथ खरी असते,
कारण पोरानं दगड तिथेच पाहिलेला असतो.

मग तुम्ही काय करायचात?
खणायचो.
जुन्या लोकांनी दगडाखाली कोळसा पुरलेला असायचा.
दगड सरकतो.
कोळसा सरकवायचं कुणाला सुचत नाही.

विमानाच्या पोटातही असं एक यंत्र आहे, यास्मिन.
आभाळाला काही विचारत नाही.
निघालो कुठून एवढं लक्षात ठेवतं
आणि प्रत्येक वळण, प्रत्येक हिसका मोजत बसतं, अंधारात.
तेही चुकतं. तासाला मैलभर म्हण.
पण स्वतःचं चुकतं, कुणाच्या सांगण्यावरून नाही.
आणि निघतानाच जागा चुकीची दिलीस
तर अगदी इमानदारीनं चुकत राहील, उतरेपर्यंत.
म्हणून हे आकडे हातानं भर, बोलून भर:
वीस अंश सात मिनिटं उत्तर,
त्र्याहत्तर अंश चौपन्न मिनिटं पूर्व.
पुन्हा बोल.

दुपारी ग्रुप कॅप्टन सोमण आले,
शिरस्त्राण काखेत, चहा अर्धा टाकलेला.
"दोघांचं पटलं नाही तर कुणाचं ऐकू?"
म्हटलं, सर, आधी मान वळवा.
रामशेज दिसला तर रामशेजचं ऐका.
"आणि रात्री? ढगात?"
मी सही करायचं पान पुढे केलं.
त्यांनी सही केली.

ठोकळे निघाले. मग तो आवाज,
जो कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकायचा असतो.
द्राक्षबागांवरून वळून ते दिंडोरीकडे गेलं
आणि आभाळात काहीच उरलं नाही, खूणसुद्धा.

यास्मिननं खोकं बंद केलं.
मांजर रिकाम्या जागी, तेलाच्या डागाशेजारी
पाय पोटाशी घेऊन झोपलं.

कुणाला सांगितलेलं नाही.
चार वर्षांपूर्वी इथली फरशी उखडली होती,
नवं काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी
पुढचं चाक टेकतं बरोबर त्या ठिकाणी
मी दोन कोळसे टाकले,
घरच्या शेगडीतले.