पंचेचाळीस बाकी

नाचणगावच्या फाट्यावर माहं दुकान.
पंखे, मोटारी, मिक्सर, वाइंडिंगचं काम.
पाटीवर रेडिओ बी लिहिलेला आहे,
तो आता कोनी आनत नाही.

पुलगाव डेपोतला कुरियन, स्टोअरकीपर,
एक रेकॉर्ड प्लेअर टाकून गेला,
सोबत अकरा तबकड्या. ‘चालवून पाहा,’ म्हने.
मी बेल्ट बदलला, अन् तेवढ्यात त्याची बदली झाली.
चिठ्ठी अजून तारेनं बांधलेली आहे:
कुरियन. काम झालं. पंचेचाळीस बाकी.

म्हनून सांगतो, माल गिऱ्हाइकाचा आहे.
मी फक्त चालवून पाहून राहिलो,
एकोणतीस वर्षं झाली.

इंग्रजी मले येत नाही, नावं मीच ठेवली.
एक धुरातल्या मानसाची. एक चार झिपऱ्यांची.
एकीचं कव्हर उंदरानं खाल्लं, ती उंदराची.
उंदराची सगळ्यात भारी. इथं वाद नाही चालत.
तिची पहिली बाजू म्हंजे वरातीतला बँड, साऱ्या गावाचा.
दुसरी बाजू म्हंजे पंगती उठल्यावर
खरकट्या मांडवात एकटाच बसून
जो ताशा वाजवते, त्याची.
ज्याले पहिलीच बाजू आवडते
त्याले मी उधार देत नाही.

धुरातल्या मानसाचं मले कौतुक नाही.
चौथ्या गाण्यात त्याचा गिटारवाला
माइक हाती आलेल्या सरपंचासारखा
सोडतच नाही, सोडतच नाही.

समोर शालिक नेहारेचं पंक्चरचं दुकान.
तो म्हन्ते, तुही सगळी गाणी सारखीच बे,
जिनिंगमध्ये गोटा गेल्यासारखी.
त्याचं दैवत वेगळं. गुरुवारी रात्री टीव्हीवर
तीन मानसं, एक टेबल, एक पुठ्ठ्याचं दार,
अन् दार लावलं की भिंत हालायची.
एक बाबू होता, दिसेल त्या कागदावर शिक्का मारे,
कागद संपले तं पोळीवर मारे.
शालिकले तो अजून पाठ आहे, खोकल्यासकट.

मी म्हटलं, काय त्यात? शेवटी कोनीतरी खुर्चीवरून पडते.
शालिकनं ट्यूब पान्यातून काढली, हात पुसले.
‘पडनं सोड. पडायच्या आधी
तो खुर्चीकडे पाहाते, ते पाह्य.’

त्या रात्री उंदराची लावली.
दुसऱ्या बाजूचा ढोलवाला, मोठा ठोका मारायच्या आधी
इतकासाच थांबते.
एवढी वर्षं मले वाटे, तबकडीले चरा आहे.

त्या बाजूचं शेवटचं गाणं आमच्याइथं कधी पुरं वाजलं नाही.
सव्वासातले व्होल्टेज उतरे.
गाणाऱ्याचा गळा जाड होत जाये,
गिटार गुडघे टेकल्या बैलासारखी हळूहळू बसे,
मंग अंधार, अन् आम्ही दोघं.
मले वाटे, गाणंच तसं आहे. असं गाणं करनारा
कोन मानूस असन, म्हनून मी झोपत नव्हतो.

परवा भाच्यानं फोनले ते ऐकवलं.
फोननं ओळखलं, नाव बी सांगितलं.
मी म्हटलं, नाव राहू दे तुह्यापाशी. वाजव.
तं ते शेवटपर्यंत तसंच पळत गेलं,
अन् टाळ्या मिळाल्यासारखं, नीटनेटकं संपलं.

मले नाही आवडलं.
शालिकले बी नाही. ‘टायमिंग,’ तो म्हने,
‘त्या लाइनमनले होतं.’

आता लाइट जात नाही.
म्हनून सव्वासातले तो दुकान ओढून येते,
उलट्या टायरवर बसते.
मी उंदराची लावतो, दुसरी बाजू.
ते ठिकान आलं का हात बटनावर ठेवतो,
अन् दाबायच्या आधी
बटनाकडे पाहातो.

तेवढ्यातच शालिक हासते.