अकरा

नोव्हेंबर सरता सरता वार्दोत
सूर्य रजेवर जातो.
गुनवोरला रजा नाही.

दिवसभर कॉडची पोटं फाडते,
यकृतं वेगळी, तेलासाठी.
संध्याकाळी घरचा जिना
तिसऱ्याच पायरीवर तिला खाली बसवतो.
पोटऱ्यांत कुणीतरी ओला दोर पिळत असतं.

‘वय झालं,’ पहिला डॉक्टर.
दुसऱ्यानं विचारलं, घरी सगळं ठीक ना?
आपली हाडं खोटं बोलतात
असं तिलाही वाटू लागलेलं.

मग कागद आला :
ड जीवनसत्त्व, अकरा.
ती हसली, बरगडी दुखेपर्यंत.
आकड्याला कुणी नाटकी म्हणत नाही.

आता रोज सकाळी चमचाभर तेल.
कुणास ठाऊक, तिनंच काढलेलं असेल.
वास तोच, हातांना येतो तो.

जिना अजून उंचच आहे.
काल मात्र
चौथ्या पायरीवर बसली.