माया सोडून

शून्याच्या खालीही जागा असते
हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं,
दांडिया बाजारच्या शाखेत, तीन नंबरच्या खिडकीशी.
पासबुकाचं यंत्र खरखरत
माझं नाव आत ओढून घेत होतं.

पाच तारखेला गॅसचं बिल गेलं.
पाचलाच विम्याचा हप्ता आला, आणि परत गेला.
शिलाईचे पैसे सहाला जमा झाले.
मधे एक रात्र.
त्या रात्रीचे पाचशे नव्वद:
पाचशे दंड, नव्वद दंडावरचा कर.
एवढ्यात मी सुरतेला जाऊन आले असते,
वर घारीचा डबा घेऊन.

पैसे नव्हते म्हणून पैसे घेतले?
दोनदा विचारलं मी.
मौलेशभाईने चष्मा पुसला.
"बसो ने, ताई," म्हणाला,
आणि मागे रांग नव्हती म्हणून
पावतीच्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली.

हे शून्य. वर तुमचं, खाली आमचं.
तुमच्या खात्याला खालचं दार नाही,
आलेला हप्ता आपटून परत जातो;
आपटल्याचे पैसे लागतात.
दार करून घ्या. एफडी आहे, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळेल.
जेवढं उतराल तेवढ्यालाच व्याज,
जितके दिवस खाली, तितक्याच दिवसांचं.
रेघेखाली त्याने पायऱ्या काढल्या
आणि पहिलीभोवती गोल केला.
काही बँका ही एक पायरी फुकट देतात.
चार दिवसांत वर या, कोणी विचारत नाही.
पाचव्या दिवशी विचारतात.

पहिली पायरी मला लगेच समजली.
कोकिळाबेन आणि मी, मधली भिंत एक.
वाटीभर साखर, विरजणाला चमचाभर दही,
एकदा रात्री अकराला मरून दोऱ्याचं रीळ.
हिशेब नाही. पण वाटी रिकामी परत गेली नाही,
तिचीही, माझीही,
आणि दोन वाट्या कुणी मागितल्या नाहीत.
आई याला उसनं म्हणायची.
कर्जाला कागद लागतो.
उसन्याला भिंत पुरते.

खालच्या पायऱ्यांची मात्र भीती वाटली.
दिराचं जरीचं दुकान होतं मांडवीत.
एटीएमची चिठ्ठी सांगायची, उपलब्ध: एक्केचाळीस हजार,
आणि तो ते आपलेच समजून चहा सांगायचा सगळ्यांना.
त्यात बँकेच्या पायऱ्याही मोजलेल्या होत्या.
वर्षभर तो तळाशीच उभा होता,
आणि तळालाच जमीन म्हणत होता.

तरी सही केली.
नवरात्राआधी बावीस चणिया-चोळ्यांचं काम,
आरसे, गोंडे, अस्तर, सगळं रोखीनं.
अकरा हजार चारशे उतरले.
एकोणीस दिवस.
रोज सकाळी दात घासताना दिवस मोजला.
व्याज लागलं पन्नास रुपये चव्वेचाळीस पैसे.
खडूने कापडाच्या कडेला मांडून पाहिलं, बरोबर होतं.
त्या एका रात्रीचे मात्र पाचशे नव्वदच राहिले.

आता खात्यात दोन हजार असतात
जे मी कधी मोजत नाही.
मौलेशभाई म्हणाला, हा तुमचा स्वतःचा बफर.
मी म्हटलं, आमच्यात याला माया म्हणतात.
त्याला वाटलं मी गंमत करते.

ब्लाउज बेतताना दोन्ही कडांना
बोटभर कापड आत सोडते मी, पंचवीस वर्षं.
बाईचं अंग दिवाळीला एक, होळीला एक.
उसवायला जागा हवी.

खातं तेवढं
मापाला माप कापत आले होते.