झाड फुलेपर्यंत

वडील सफरचंदांचे, आई हॉप्सची.
आमच्या हेरफर्डशरात एवढं सांगितलं
की पुढचं कुणी विचारत नाही.

ती डडलीकडून सप्टेंबरात रेल्वेने यायची,
हॉप्सचे वेल ओरबाडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात,
आठवडाभरात हात कोळशासारखे काळे.
एका वर्षी परतीची गाडी तिने चुकवली.
मुद्दाम की कसं, यावर दोघांचं
शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

एकच टेबल, अडतीस वर्षं.
तिच्यापुढे तिची बिअर, त्याच्यापुढे त्याचा सायडर.
एकमेकांच्या पेल्याला ओठ लावला नाही कधी.
भांडण नव्हतं.
म्हणजे होतं, पण ते दुसऱ्या गोष्टींवरून.

मी कारखान्याच्या वजनकाट्यावर होते.
भरलेला ट्रॅक्टर, रिकामा ट्रॅक्टर,
वजाबाकी, पावती, पुढचा.
तीस वर्षं लोकांची सफरचंदं तोलली
आणि घरच्या झाडाखाली सडा कुजत राहिला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात
मोड आणून भाजलेले सातू आणले पोतंभर.
आईचं मोठं पातेलं. पाणी फार तापवायचं नाही,
बोट बुडवून शिवी येईल, पण बोट राहील, इतपत.
मग गाळलेला काढा उकळायचा, त्यात मूठभर कडू फुलं.
स्वयंपाकघराला तिच्या एप्रनचा वास आला.
खिडकी उघडली. पुन्हा लावली.

तोवर अंगणात वडिलांचा चरक
फॉक्सव्हेल्पचा रस गाळत होता, लालसर,
घोटभर घेतला तर जीभ सोलून निघेल असा.

निवलेला काढा अर्धा, रस अर्धा.
एका काचेच्या हंड्यात ओतताना
उगाच मागे वळून पाहिलं.

तिसऱ्या रात्री शेडमधून: गुडूक.
थोड्या वेळाने: गुडूक.
थंडी वाढली तसं तेही थांबलं.

आईच्या वहीत सगळं आकड्यांत.
तीन आठवडे. फेस बसला की बाटल्या भर.
वडिलांची वही नव्हतीच.
पिंपावर थाप मारून म्हणायचे,
झाड फुलतं ना, तेव्हा हा आत पुन्हा जागा होतो.
त्याच्या आधी बूच मारेल तो गाढव.

मी वहीवर विश्वास ठेवला.
फेब्रुवारीत चोवीस बाटल्या, घट्ट बुचं,
साखरेचा एकेक चमचा वर.

मेच्या पहिल्या आठवड्यात झाड गुलाबी झालं
आणि रात्री तीनला पहिला बार उडाला.
मग दुसरा. मग मोजता येईना.
शेजारचा क्लेमंट प्रॉसर पायजम्यावर, हातात टॉर्च:
कोण मेलं?
म्हटलं, कुणी नाही.
आईवडील बोलायला लागलेत.

सकाळी जाड हातमोजे घालून काचा वेचल्या.
भिंतीवर चिकट ओघळ, त्यांवर मुंग्या,
आणि कोपऱ्यात, कशा कोण जाणे, तीन शाबूत.
त्यांतली एक ओल्या घोंगडीत गुंडाळून सिंकपाशी नेली,
बूच सैल करते न करते तोच
निम्मी छताला.

उरलेली दोन पेल्यांत.
आधी आंबट, मग कडू, आणि गिळल्यावर
भाजलेल्या पावाची काहीतरी आठवण.
ना धड त्याचं, ना धड तिचं.
क्लेमंट म्हणाला, भिजलेल्या गवतासारखं लागतंय.
मग पेला पुढे केला, अजून आहे का म्हणून.

वहीत, तिच्या आकड्यांखाली, पेन्सिलीने लिहिलं:
झाड फुलेपर्यंत थांब.
खाडाखोड वाटेल, वाटो.

आता डिसेंबर. यंदाचा हंडा शेडमध्ये,
गळ्याभोवती वडिलांचा मफलर.
दोन बुडबुड्यांत काल चाळीस सेकंद होते,
आज सत्तर.
मी मोजत नाही असं क्लेमंटला सांगितलंय.
छतावरचा डाग रंगवायचा राहिलाय.
झाडावर अजून एक सफरचंद लटकून आहे,
पक्ष्यांनी अर्धं खाल्लेलं.