हूझुमच्या पाथरवटाकडे

मोम्मेच्या कारखान्यात दगड आडवे झोपून असतात,
नाव मिळेपर्यंत.

वीब्के थीस कागद पुढे सरकवते.
वडिलांचं नाव, दोन तारखा,
मध्ये ब्याण्णव वर्षांची एक आडवी रेघ.

दगडावर सगळी मोठी अक्षरं, मोम्मे म्हणतो,
आणि टाईप करू लागतो
T, H, I, E,
मग एक रिकामा चौकोन,
घर पाडल्यावर उरलेल्या खिडकीसारखा.
'फॉन्टमध्ये नाही हे.
सगळे दोन S घालतात. चालतं.'

वीब्के हातमोजे काढते, पुन्हा घालते.
बाहेर ओहोटीनं बंदर चिखलापर्यंत उघडं पडलंय,
होड्या कुशीवर कलंडल्यात.
'ती दोन अक्षरं शेजारी शेजारी
बाबांच्या कॉलरला लावायला आले होते,
सतराव्या वर्षी.
अकरा रात्री ते मेंढ्यांच्या गोठ्यात होते.
आता नकोत.'

मोम्मेची भाची लेफ्के
मागच्या खोलीत रात्रभर जागते.
लहान ß नुसतं ताणून मोठं केलं
तर B होतो, आणि थीसचा थीब.
डावा खांदा गोल ठेवते,
उजवीकडे टोक काढते, तिथून एक तिरकी उतरण,
खाली पोट.
तीनला चहा. चारला पुन्हा पोट.
जागा तर केव्हाचीच राखलेली आहे, क्रमांकासकट,
फक्त या फॉन्टमध्ये तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

मला हे थोडंफार कळतं.
माझ्या भाषेत ळ नं कुठलाच शब्द सुरू होत नाही,
आणि बाळ, काळ, आभाळ
त्याच्यावाचून पुरे होत नाहीत.
पण आमच्याकडे लहानमोठं नसतं,
सगळी एकाच दोरीवर वाळत घातलेली.
इथे या एकट्याला
वाक्याच्या तोंडाशी कधीच बोलावणं नाही,
तरी मोठं व्हायचं होतं
कुणाचं तरी नाव
मोठ्यानं लिहिलं जाईल त्या दिवसासाठी.

मोम्मे छिन्नी थांबवतो, फुंकर मारतो.
THIEẞ.
लेफ्के मान तिरपी करून बघते,
एक डोळा मिटते.
'जाड झालं जरा. पडद्यावर असतं
तर आत्ता बारीक केलं असतं.'

वीब्के बोट पोटाच्या वळणावरून फिरवते,
नखात पांढरी पूड.
'राहू दे,' म्हणते,
'तेही झाले होते, शेवटी शेवटी.'