दाराजवळची खुर्ची

नुसरेत, पहिल्या मंगळवारी चूक माझीच झाली.
डोळे मिटा म्हणाले, श्वासाच्या मागे मागे जा म्हणाले,
मला शिकवलं होतं तसंच.
ज्यांनी शिकवलं त्यांच्या घराखाली
तळघर नव्हतं.

तुम्ही गेलात श्वासामागे.
तो तुम्हाला थेट तिथेच घेऊन गेला,
बटाट्यांच्या पोत्यांमागे. डोक्यावरच्या फळ्यांवर बूट
आणि तोंडावर आईचा तळहात:
श्वाससुद्धा ऐकू जाईल, बाळा.
अकरा वर्षांचे होतात.
नऊ तास.

तुझ्लातली ही शाळा, तिसरा मजला.
खुर्ची उलटवून तुम्ही जिना उतरलात
आणि मी, मूर्ख बाई,
पितळी घंटी वाजवून बैठक संपवली.

पुढचे तीन मंगळवार नाहीत.
चौथ्याला आलात, ओला कोट अंगावर तसाच.
तुमची खुर्ची मी दाराजवळ ठेवली होती,
दार अर्धं उघडं, घंटी कपाटात.
म्हटलं, डोळे उघडेच असू द्या.
श्वासाचं आज नाव काढायचं नाही,
त्याच्याकडे कुणी बघितलं नाही तर
तो येईल-जाईल आपला आपण, मांजरासारखा.
हा घ्या कॉफीचा कप, बिनकानाचा.
याला काही ऐकू जात नाही.

तुम्ही हसलात की खोकलात, कळलं नाही.
बोटांना कप किती गरम लागतो तेवढंच बघायचं.
टाच जमिनीला टेकलीय का.
खिडकीतून वीजकेंद्राची चिमणी दिसते,
तिचे लाल पट्टे मोजा हवे तर.
चार मिनिटं. नको झालं तर दोन.
उठून बाहेर सिगारेट ओढलीत
तर तीही बैठकच धरू.

फेब्रुवारीत खाली ट्रकचं फाळकं आदळलं.
तुम्ही गेलात. वीस मिनिटांनी परत आलात,
खुर्ची कुणी हलवली नव्हती.

आणि काल,
पट्टे मोजता मोजता तुमची मान कलली.
तुम्ही चक्क घोरायला लागलात, नुसरेत,
खोलीभर, खुशाल, करवतीसारखे.
साबिहाला हसू आवरेना.
कुणीही तुम्हाला गप्प केलं नाही.

डावा हात तेवढा
दाराच्या कडीवरच होता.