फिकट पिवळा

फॉर्मात रकाना अकरावा:
त्वचारोग आहे / नाही. नको ते खोडा.
मी दोन्ही तसंच ठेवलं.
खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
आधी रकान्याकडे, मग माझ्या कोपराकडे.

डॉक्टर मिस्किटांनी लिहून दिलं होतं, "संसर्गजन्य नाही",
खाली दोन रेघा,
दुसरी इतक्या जोरात की कागद फाटलेला.
ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून
मी गॉगलच्या डबीत ठेवते,
कुणी अंगाऱ्याची पुडी ठेवावी तशी.

चेंबूर. बायकांची बॅच साडेअकराची.
वारा फिरला की कारखान्याचा वास येतो भिंतीपलीकडून,
अलीकडे आमचा आमचा असतोच.

खोबरेल चालत नाही, तेल तरंगतं, शिट्टी वाजते.
म्हणून व्हॅसलीन. मानेवर, बोटांच्या बेचक्यांत,
गुडघ्यामागच्या लवणीत, जिथे इसब
जुन्या भाडेकरूसारखा राहतो
आणि भाडं मी भरते.
मग नळाखाली पाच मिनिटं,
साधं पाणी अंगात मुरेपर्यंत.
भिजलेला साबुदाणा आणखी पाणी पीत नाही, तसं.

पहिली चार मिनिटं काहीच होत नाही.
त्या चार मिनिटांसाठी तर मी येते.
पाण्याखाली माझी सगळी कातडी एकाच रंगाची,
फरशी निळी म्हणून निळी.
खाज कुठल्या भाषेत बोलते ते विसरायला होतं.
श्वास सोडते, बुडबुडे कानांवरून जातात,
आणि मी फक्त एक लांब वस्तू असते
जी या टोकाहून त्या टोकाला जाते.

मग चुणचुण.
वाधवाबाई लेन बदलतात.
"इधर धूप अच्छी है," म्हणतात.
ऊन दोन्ही लेनमध्ये तेवढंच.

पंपाचं बघणारे तांडेल
बॅचच्या आधी काठावर उकिडवे बसतात,
नळीत पाणी घेतात, पाच थेंब टाकतात,
उन्हाकडे धरतात.
गडद पिवळा आला की माझ्याकडे बघून मान आडवी.
फिकट आला,
सरबतात दुसऱ्यांदा पाणी ओतल्यासारखा,
की एक बोट वर.
मी कधी विचारलं नव्हतं.
त्यांनी माझं कोपर पाहिलं असणार.

मे महिन्यात पोरंच पोरं, पावडरची गोणी दर दोन दिवसांनी रिकामी.
नऊ दिवस मान आडवी.
दहाव्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.
उतरले.

त्या रात्री हातांत मोजे घालून झोपले,
मुलाचे, शाळेचे, रबर सैल झालेले.
तरी सकाळी चादरीवर बारीक लाल ठिपके,
रांगोळीच्या कागदावर असतात तितके नेमके.
आठवडाभर ऑफिसात पूर्ण बाह्या. कुणी विचारलं तर: एसी.

परत गेले तेव्हा तांडेल काही बोलले नाहीत.
हात उलटे करून दाखवले फक्त.
नखं पिवळी, पेरं उकललेली,
उन्हात तडकलेल्या भिंतीसारखी.
"बावीस वर्षं," म्हणाले.
"तुम्ही पोहता का इथे?"
"इथे? मला खाडी लागते.
आणि आमच्या माहुलच्या खाडीत आता
उतरलं तर तेल पुसत बाहेर यावं लागतं."
हसले. मलाही हसू आलं,
का ते नीट सांगता येणार नाही.

व्हॅसलीनची डबी मी काठावर विसरले त्या दिवशी.
विसरले असंच म्हणते.
दुसऱ्या दिवशी डबी तिथेच,
मधोमध एका बोटाचा खड्डा.

आज रंग मधलाच आलाय,
ना धड गडद, ना फिकट.
तांडेल नळी फिरवून फिरवून बघतायत,
वाधवाबाई घड्याळ बघतायत.
मी केस टोपीत कोंबते,
एक पाय पायरीवर.